ॲनेक्डोट म्हणजे कुणाचा तरी बाप

सरांनी फळ्यावर इंग्रजीत एक शब्द लिहिला. ॲनेक्डोट. त्याखाली रेघ मारली आणि वर्गाकडे वळले.

"अर्थ कुणाला येतो?"

कुणालाच येत नव्हता. मलाही नाही. नववीचा वर्ग, चेन्नईत अण्णा नगरमधली इंग्रजी माध्यमाची शाळा. पंखे फिरत होते आणि शर्ट पाठीला चिकटत होते.

सरांनी अर्थ सांगितला. ॲनेक्डोट म्हणजे गोष्ट. पण छोटी. खरी घडलेली, खऱ्या माणसाची. आणि ऐकणाऱ्याला मजा आली पाहिजे. "उदाहरण देतो, म्हणजे जन्मात विसरणार नाही," असं म्हणून ते टेबलाच्या कडेला टेकले. रंगात आले की ते असे टेकायचे.

त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत सांगते.

एक माणूस आपल्या शाळेत प्रिन्सिपॉल मॅडमना भेटायला आला. मराठी माणूस. तिकडून वरून इकडे कारखान्यात कामाला आलेला. मॅडम त्याला म्हणाल्या, "टेक युअर सीट." म्हणजे बसा. तर त्याने काय केलं? खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागला.

एवढं सांगून सरांनी स्वतःची खुर्ची उचलली. डोक्यावर धरली. गुडघे वाकवून, तोंड वेडंवाकडं करून दारापर्यंत चालून दाखवलं.

वर्ग फुटला. मुलं बाक बडवत होती. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती.

मी बसून होते. त्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटी. कारखान्यात बाप असलेलीही मी एकटी. आणि माझा बाप नुकताच मॅडमना भेटून गेला होता. एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. मागून कुणीतरी विचारलं, "सर, हर फादर?"

सर हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला.

वर्ग पुन्हा हसला.

मग सरांनी मलाच उठवलं. म्हणाले, हा शब्द वापरून वाक्य कर. मी उभी राहिले. "आय डोन्ट नो, सर," एवढंच निघालं.

"सिट," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अँड प्लीज, डोन्ट टेक द सीट."

माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. पण हा विनोद मला कळला.

माझ्या बापाला मी आप्पा म्हणते. इथली तमिळ पोरंही बापाला अप्पा म्हणतात. या एका शब्दापुरती मी वर्गात वेगळी नव्हते. बाकी सगळ्यात होते.

आम्ही लातूरकडचे. जातीने मातंग. गावात आमची घरं कोणत्या बाजूला असतात, ते मराठी माणसाला सांगायला नको. आप्पा तरुणपणी एका नातेवाइकाच्या ओळखीने चेन्नईला आला आणि आवडी नावाच्या उपनगरात एका सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला. मशीनवर नाही. कारखान्याचं एक मोठं सभागृह होतं, तिथे. साहेबांचा निरोप समारंभ, कुणाचं भाषण, बक्षिसं, पूजा. कार्यक्रमाआधी खुर्च्या लावायच्या, कार्यक्रमानंतर उचलायच्या. नोकरी संपेपर्यंत त्याने दुसऱ्यांच्या बसायची सोय केली.

शाळेत गरीब मुलांसाठी फी-माफीच्या काही जागा होत्या. त्यातली एक मला मिळाली होती. कोण कोण त्या जागांवर आहे ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असायचं. तसं तोंडावर कुणी बोलायचं नाही. बोलायची गरज नव्हती. पहिल्या बाकावर आम्हाला कधी बसवलं नाही.

त्या दिवशी घरी गेले. आप्पा जमिनीवर मांडी घालून जेवत होता. भात आणि सांबार. इतक्या वर्षांत आमच्या घरात सांबार मुरलं होतं, फक्त आई त्यात काळा मसाला टाकायची. मला विचारायचं होतं. आप्पा, तू खरंच खुर्ची उचललीस? का उचललीस? एवढं साधं कळलं नाही तुला?

विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून जीभ उचलली नाही.

वर्गात माझं नाव पडलं. चेअर. "चेअर, होमवर्क दे." "चेअर, सरक." दहावी संपेपर्यंत मला कुणी खऱ्या नावाने हाक मारली नाही. आणि आप्पा पुन्हा शाळेत आला नाही. पालकांची सभा असली की आई यायची. तिला ना इंग्रजी येत होतं, ना धड तमिळ. ती भिंतीपाशी उभी राहायची आणि सभा संपली की माझा हात धरून निघायची. आप्पाची शिफ्ट आहे, असं ती सांगायची. मी ते खरं मानत होते.

मग मी इंग्रजी शिकले. लोक सांगतात, भाषेवर प्रेम जडलं म्हणून शिकलो. माझं तसं नाही. मी रागाने शिकले. दात ओठ खाऊन शिकले. मला त्या भाषेतला एकही विनोद पुन्हा माझ्या डोक्यावरून जाऊ द्यायचा नव्हता. कॉलेजात इंग्रजी घेतलं. एम.ए. इंग्रजीत केलं. तमिळ, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत आता मला कुणी गप्प करू शकत नव्हतं, असं मला वाटत होतं.

नोकरी मिळाली तीही अण्णा नगरलाच. मोबाईलवर इंग्रजी शिकवणारी एक कंपनी. ॲप. माझं काम शब्दांचं. रोज एक इंग्रजी शब्द घ्यायचा. त्याचा अर्थ लिहायचा, वापर लिहायचा, उदाहरणाचं वाक्य द्यायचं. कंपनी महाराष्ट्रात उतरणार होती, म्हणून त्यांना मराठी येणारं माणूस हवं होतं.

मुलाखत कंपनीच्या मालकांनीच घेतली. सगळे त्यांना राव सर म्हणायचे. घराणं तंजावूरचं, कित्येक पिढ्या तमिळनाडूत. त्यांची मराठी जुनी होती, तमिळ हेल काढत बोलायचे, वाक्याच्या शेवटी 'मा' लावायचे. मी मराठीत उत्तर दिलं तेव्हा ते खूश झाले.

"आपली भाषा बोलते तू. म्हणजे आमचीच पोर अहे मा," ते म्हणाले.

मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून पाहिलं.

"म्हणजे कोण लोक तुम्ही?"

मी जात सांगितली. लपवायचं मी कॉलेजातच सोडलं होतं. ते "बरं बरं" म्हणाले आणि पुढे इंग्रजीत बोलायला लागले. आमच्यातली मराठी तिथेच संपली. नोकरी मात्र दिली.

दोन वर्षं नीट गेली. मग महाराष्ट्रातल्या जाहिरातीची मीटिंग झाली.

काचेची खोली. राव सर, आमची सातआठ जणांची टीम आणि मार्केटिंगची प्रमुख केतकी. केतकी पुण्याची, लग्नानंतर चेन्नईला आलेली. बोलायला गोड. मला डब्यातला खाऊ द्यायची. तिने दिवे मंद केले आणि पडद्यावर चित्र लावलं.

एक माणूस. धोतर, मळकी टोपी, जाड्या मिशा, पुढे आलेले दात. डोक्यावर खुर्ची. मागे टेबलाशी बसलेली एक बाई कपाळाला हात लावतेय. खाली मराठीत ओळ: तुम्हीपण खुर्ची उचलणार का?

सगळे हसले. मी पडद्याकडे बघत राहिले. हे दुसरं काही असेल, असं वाटलं. असंच कुठलं तरी जुनं चित्र.

राव सर म्हणाले, "धिस इज अ ट्रू स्टोरी. माझ्या मुलाच्या शाळेतला किस्सा. प्रिन्सिपॉल म्हणाली, टेक युअर सीट. तो मराठी माणूस खुर्ची उचलून चालता झाला. तिथले इंग्लिशचे सर दर वर्षी नववीला सांगतात. ॲनेक्डोट शब्द शिकवायला. माझा मुलगा तो शब्द अजून विसरला नाही."

दर वर्षी.

मी शाळा सोडली तरी तो माणूस माझ्या बापाला डोक्यावर खुर्ची देऊन चालवत होता. दर वर्षी नवा वर्ग, नवं हसू. पोरं घरी जाऊन सांगत होती. बाप लोक ऑफिसात सांगत होते. आणि आता तो किस्सा छापून पुण्याला, नागपूरला, लातूरच्या बसस्टँडवर लागणार होता. लातूरला. जिथे आप्पा अजून उन्हाळ्यात उतरतो.

आणि धोतर? आप्पाने आयुष्यात धोतर नेसलं नाही. कारखान्याची खाकी पँट, खोचलेला शर्ट, रोज दाढी. त्याचे दात सरळ आहेत. पांढरेशुभ्र आहेत.

केतकी माझ्याकडे वळली. "किती क्यूट आहे ना गं? किस्सा आपल्या मराठी माणसाचा आहे, म्हणून लोकांना पटकन भिडेल. पूर्ण मराठी मजकूर तू लिही. तुझी भाषा त्यांच्यासारखी आहे, रांगडी."

त्यांच्यासारखी.

मी उभी राहिले. आवाज चढवला नाही. टेबल धरलं.

"तो माणूस माझा बाप आहे," मी म्हणाले. "त्यांचं नाव लिंबाजी. ते धोतर नेसत नाहीत."

कुणीतरी फसकन हसलं. थट्टा आहे असं वाटलं असेल. मग माझं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. केतकी "ओह" म्हणाली. फक्त ओह.

मला वाटलं, आता माफी मागतील. निदान चित्र तरी बंद करतील. राव सर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. काहीतरी सापडल्यासारखं दिसत होतं.

"बट धिस इज ब्रिलियंट," ते म्हणाले. "खुर्चीवाल्याची मुलगी आज इंग्रजी शिकवते. केतकी, सी? कार्टून कशाला पाहिजे? खरा माणूस घेऊ. तू आणि तुझे अप्पा. त्यांनी एकदा खुर्ची उचलून दाखवायची, मग तू येऊन त्यांना बसवायचं. लोक रडतील."

केतकीचे डोळे खरंच पाणावले होते. "अगं, किती इन्स्पायरिंग," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मी हात काढून घेतला. म्हणाले, घरी विचारावं लागेल. खरं म्हणजे मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. खाली मेट्रोच्या जिन्यात बसून राहिले. माणसं माझ्या बाजूने चढत-उतरत होती. चेष्टा केली तेव्हा राग आला होता. पण कौतुक केलं तेव्हा अंगाची आग झाली. माझ्या बापाला दुसऱ्यांदा खुर्ची उचलायला लावायची, आणि यावेळी त्याला मान म्हणायचं. त्याच्या पोरीच्या हाताने.

त्याच संध्याकाळी घरी गेले. आप्पा आता रिटायर झालाय. आवडीला दोन खोल्यांत राहतो. दारात बसून पेपर वाचत होता, तमिळ पेपर. अक्षरं जोडत जोडत तो तमिळ वाचायला शिकला, कुणी न शिकवता. आई आत कणीक मळत होती.

मी सगळं सांगितलं. नववीचा वर्ग, फळ्यावरचा शब्द, सरांनी चालून दाखवलेलं, माझं पडलेलं नाव. मग आजची मीटिंग. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते एका दमात बोलले. आप्पाने पेपरची घडी घातली.

मग म्हणाला, "पहिल्यापासून न्हाई सांगितलं त्यानं."

"काय पहिल्यापासून?"

"म्या गेलो तवा कारकुनानं नाव इचारलं. फुकटच्या जागेवरच्या पोरीचा बाप हाय म्हनल्यावर म्हनला, वेळिये निल्लु."

वेळिये निल्लु. तमिळमध्ये, बाहेर उभा राहा.

"बाकी मायबाप आत बसलेले. बाकड्यावर, पंख्याखाली. म्या आन दुसरे दोघं वऱ्हांड्यात. दुपार झाली. एका बाईला भोवळ आली, तिला पन खाली फरशीवरच बसवलं. कारकून म्हनला, तुमच्यासाठी खुर्च्या न्हाईत. मंग मला आत बोलावलं. मॅडमनं वर मान केली न्हाई. टेबलाकडंच बघून म्हनली, टेक युअर सीट. तुझा सर बाजूलाच बसलेला."

आतून पोळपाटाचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"आमच्या हालमधी साहेब काय म्हनायचे? टेक धिस चेअर. टेक दॅट टेबल. टेक म्हंजी उचल, ने. आन सीट म्हंजी बसायचं. म्हनलं, मॅडमला कळलं आसल बाहेर आमाला खुर्ची न्हाई. तुमची खुर्ची घ्या आन बाहेर बसा, आसं म्हनत्यात. बरं वाटलं मला. त्या चक्कर आलेल्या बाईला देऊ म्हनलं. म्हनून उचलली."

"डोक्यावर?"

"डोक्यावर कशाला? हातात. म्या रोज शंभर उचलायचो, खुर्ची कोन डोक्यावर घेतं?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मागून हसायला लागले. आधी तुझा सर. मग मॅडम. मग कारकून पळत आला, त्यानं हातातून हिसकली. तवा कळलं काय चुकलं ते. त्यांनी बसा म्हनलं व्हतं. मला." आप्पाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तशा खोलीत मला कोन बस म्हनलं व्हतं का कधी? मला कळल कसं?"

आई दारात येऊन उभी होती. हाताला कणीक. तिला हे सगळं ठाऊक होतं. शिफ्टचं खोटं तिनेच इतकी वर्षं सांभाळलं होतं.

"मग तू तेव्हाच का नाही बोललास?" मी विचारलं. ओरडलेच.

"तुझी जागा गेली आसती, बाई," आप्पा म्हणाला. "त्यांचं हसू जाऊ दे म्हनलं. तुझी जागा ऱ्हाऊ दे."

जाहिरातीचं विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यानेच विचारलं. "मला खुर्ची उचलून दावायला बोलवत्यात व्हय?"

"हो."

"म्या न्हाई येत." मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आन तू?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पहिलं काम केलं ते तो शब्द उघडण्याचं. रोज शब्दांचे अर्थ लिहिणारी मी, पण हा शब्द कधी उघडला नव्हता. आमच्या ॲपमध्ये तो माझ्या वाट्याला आला तेव्हा मी दुसऱ्याला देऊन टाकला होता. आता मोठ्या शब्दकोशांतून त्याचं मूळ काढलं. वापर तोच होता जो सरांनी सांगितला. छोटी, खरी, मजेशीर गोष्ट. पण मुळात तो ग्रीक. आणि मुळात त्याचा अर्थ मजेशीर नाही. मुळात अर्थ आहे, जे बाहेर दिलेलं नाही ते. जे उघड झालं नाही ते.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

सरांनी आम्हाला अर्धाच अर्थ शिकवला होता. जशी अर्धीच गोष्ट सांगितली होती. वऱ्हांडा कापला. कारकून कापला. चक्कर आलेली बाई कापली. "तुमच्यासाठी खुर्च्या नाहीत" हे कापलं. हातातली खुर्ची डोक्यावर चढवली. मग उरला तो एक बावळट मराठी माणूस. ॲनेक्डोट छोटी का असते ते मला त्या दिवशी कळलं. कापणारा ठरवतो किती ठेवायची. ज्याने लाज वाटावी तेवढं तो काढून टाकतो आणि ज्याने हसू यावं तेवढं ठेवतो.

आणि आपली मराठीही काही वेगळी नाही. किस्सा. मोठ्या माणसाचा किस्सा असला तर त्यात त्याचं नाव असतं, त्याचा हजरजबाबीपणा असतो. आमचा किस्सा असला की त्यात एक गडी असतो. एक बाई असते. एक मजूर असतो. नाव कधीच नसतं. नाव असलं तर त्याला पोरगी असते, आणि ती पोरगी समोर बसलेली असू शकते.

राव सरांच्या केबिनमध्ये गेले. केतकीही होती. मी सांगितलं, आप्पा येणार नाहीत. मीही येणार नाही. मजकूर मी लिहिणार नाही. आणि तो किस्सा चित्रात, शब्दांत, कशातही वापरायचा नाही.

केतकी म्हणाली, "अगं, तू फार पर्सनली घेतेयस."

"माझा बाप आहे. अजून कसं घेऊ?"

राव सर शांतपणे म्हणाले, "धिस इज जस्ट ॲन ॲनेक्डोट. कुणाचं नाव नाही त्यात. कुणाच्या मालकीचा नाही तो."

"नाव आहे. काल सांगितलं. लिंबाजी," मी म्हणाले. "आणि तो अर्धा आहे. पूर्ण सांगू?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी थांबले नाही. मराठीतच सांगितलं, कारण त्यांनीच म्हटलं होतं की मी त्यांची भाषा बोलते. कारकुनापासून सुरू केलं. वेळिये निल्लु पासून. भोवळ आलेल्या बाईपासून. शेवटाला आले तेव्हा कुणी हसलं नाही. ह्यात हसण्यासारखं नव्हतंच काही. केतकी जमिनीकडे बघत होती.

राव सरांनी इंग्रजीत विचारलं, तुला इथे काम करायला अडचण वाटत असेल तर तू मोकळी आहेस.

म्हणजे वेळिये निल्लु. फक्त इंग्रजीत.

"मी राजीनामा देणार नाही," मी म्हणाले. "काढायचं असेल तर काढा. पण का काढलं ते लिहून द्या. बापाचा किस्सा करू दिला नाही म्हणून, असं लिहा."

त्यांनी लिहून दिलं नाही. काढलंही नाही. खुर्चीची जाहिरात लागली नाही. केतकीने टीमला एवढंच कळवलं की दिशा बदलली आहे. मला मराठी विभागातून काढून दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायला बसवलं. आता केतकी मला खाऊ देत नाही. मीटिंगचा निरोप मला उशिरा येतो, कधी येतच नाही. मी न बोलावता जाऊन बसते. कुणी ऊठ म्हणत नाही. माझ्या समोर आता कुणी किस्से सांगत नाही. मी आत आले की हसू थांबतं. थांबू दे.

शाळेलाही कळवलं. पूर्ण हकीकत, आप्पाच्या तोंडची, इंग्रजीत. मागणी एकच केली. त्या सरांनी यंदाच्या नववीला हे सगळं वाचून दाखवायचं, आप्पाच्या नावासकट. उत्तर आलं नाही. मी फोन केला तेव्हा सरच बोलले. अजून तिथेच आहेत. म्हणाले, "माय डिअर, आय नेव्हर टुक हिज नेम."

तेच तर म्हणतेय मी. नाव घेतलं नाहीत.

शाळा उत्तर देणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी जाणार आहे. नववीच्या वर्गात जाऊ दिलं नाही तर फाटकात उभी राहीन, पोरं सुटतील तेव्हा. इंग्रजीत सांगेन, तमिळमध्ये सांगेन. एकदा हाकललं तर पुन्हा जाईन.

आणि इथून पुढे, ऑफिसात, लग्नात, साहित्याच्या कार्यक्रमात, कुठेही, कुणीही मोलकरणीचा, ड्रायव्हरचा, गावाकडच्या गड्याचा गमतीदार किस्सा सांगायला तोंड उघडलं, की मी मध्ये बोलणार. विचारणार, त्याचं नाव काय? त्याच्या आधी तुम्ही त्याला काय म्हणाला होता?

उत्तर येईपर्यंत मी हसणार नाही. तुम्हालाही हसू देणार नाही.